सोनं घालून फिरायला कशाला जायचं?

माझी पोत ओरबाडली गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. सोन्याचं दुःख म्हणाल तर ते ओसरलं. पण 'सोनं घालून फिरायला कशाला जायचं?' हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. तो मला पोलीस ठाण्यात विचारला गेला, आत्येसासूबाईंनी फोनवर विचारला, बँकेतल्या शिपायाने विचारला आणि ज्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, त्यांनीही धनुर्वाताचं इंजेक्शन भरता भरता विचारला. चोराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. भिजलेल्या माणसाला छत्री का नेली नाहीस म्हणून सगळे झापतात, पावसाला कोण जाब विचारणार? तसंच ते.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. वय चोपन्न. नवरा अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त, मुलगी नोकरीसाठी पुण्यात. चाळिशीतच साखरेने गाठलं. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठवर गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवू की चालता? आठवड्याला किमान 150 मिनिटं चाला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते म्हणे. चालायला लागले. कॉलनीतल्या आणखी चार-पाच जणी मिळाल्या. पहाटे घरून निघायचं, जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या, येताना दूध घ्यायचं. वर्षभरात साखर सातच्या खाली आली. गुडघे दुखायचे थांबले. खरं सांगायचं तर साखरेपेक्षा त्या गप्पांची चटक लागली होती. घरात ज्या गोष्टी बोलता येत नाहीत त्या चालताना बोलता येतात, कारण चालताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

डिसेंबर 2024. मार्गशीर्षातला गुरुवार होता. बाकीच्या जणी घटाच्या मांडणीत गुंतलेल्या, मी काही ते व्रत करत नाही, म्हणून एकटीच निघाले. (हेही नंतर ऐकवून झालं: गुरुवार धरला असता तर घरात राहिली असतीस.) सव्वासहा वाजले असतील. थंडीत नाशिकला सातपर्यंत नीट उजाडत नाही. ट्रॅकवर दिवे असतात, माणसं असतात. ट्रॅकपर्यंत जाणाऱ्या आमच्या रस्त्यावरचे दिवे मात्र गणपतीपासून बंद होते.

समोरून एक मोटारसायकल आली. तिचा दिवा डोळ्यांवर आला, गाडी पुढे निघून गेली. थोड्या वेळाने तीच पाठीमागून हळू आली. मागे बसलेला अगदी अदबीने म्हणाला, "मावशी, इथे दवाखाना कुठे आहे?" चालून घाम आल्यामुळे मी स्कार्फ सैल केला होता. हात वर करून मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि त्याच क्षणी मानेत चटका बसला. पोत पहिल्या हिसक्याला तुटली नाही. गाडी पुढे, मी तिच्याबरोबर दोन पावलं फरफटत, मग मागच्या बाजूने दोरा तुटला आणि मी गुडघ्यावर आपटले. गाडीची नंबरप्लेट वर वाकवलेली होती. एक वाटी कुर्त्यात अडकून राहिली होती, ती नंतर घरी सापडली. काळे मणी रस्ताभर. दुधाच्या टेम्पोवरचा पोरगा धावत आला, त्याने मला उठवून कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मोबाइलच्या उजेडात मणी वेचायला लागला. मी त्याला म्हणत होते, अरे राहू दे, काचेचे आहेत. तो म्हणाला, "असू द्या मावशी, तुमच्याच गळ्यातले आहेत ना?"

112 वर फोन केला. दुचाकीवरचे दोन पोलीस लगेच आले, तेही पोरगेलेसे होते आणि चांगले वागले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे.

ठाण्यात गेल्यावर पहिला मुद्दा निघाला हद्दीचा. रस्त्याची एक बाजू म्हणे त्यांच्याकडे आणि दुसरी शेजारच्या ठाण्याकडे. "तुम्ही कोणत्या बाजूने चालत होता?" मी म्हटलं, डाव्या. "जाताना डाव्या की येताना डाव्या?" माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पंजाबी ड्रेस चिकटला होता, आणि मी डोळे मिटून जाताना डावी की येताना डावी हे आठवत होते. शेवटी त्यांनीच मोठेपणा घेतला, "चला, आमच्याकडेच धरू."

मग अंमलदारांनी विचारलं, "ओढली की पडली?"

मला कळलंच नाही. ते समजावून सांगायला लागले. दोरा जुना झालेला असतो. चालताना कुठेतरी अडकतो. बाईमाणूस घाबरतं आणि वाटतं कुणी ओढली. "गहाळ झाल्याचा दाखला तुम्हाला दहा मिनिटांत देतो. गुन्हा दाखल केला की मग तुम्हाला कोर्टाच्या फेऱ्या, ओळखपरेड, सगळंच आलं." मी ओढणी बाजूला करून मान दाखवली. लाल वळ होता, एका ठिकाणी कातडी सोललेली. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, "तुमच्याच सोयीचं सांगतोय, मॅडम." त्यानंतरचा प्रश्न तो: "आणि सोनं घालून फिरायला कशाला जायचं?"

नवरा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "अगं, घे दाखला, चल घरी." मला त्याचा जितका राग आला तितका त्या मोटारसायकलवाल्यांचा आला नव्हता. मी बाकावरून उठले नाही. मुलीला फोन लावला. तिने तिकडे शोधाशोध करून सांगितलं की 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, तिच्यात कलम 304 नुसार असं हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वीच्या दंडविधानात असं वेगळं कलमच नव्हतं, चोरी नाहीतर जबरी चोरीत ते बसवायचे. आणि हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. हद्द नसली तरी आधी नोंदवायची आणि मग तिकडे पाठवायची, असं आता कायद्यातच आहे. मी हे सगळं साहेबांना वाचून दाखवलं. ते हसले. "मॅडमचा अभ्यास दिसतोय."

गुन्हा दाखल झाला. पण त्यातही खोच होतीच. पोतीची किंमत काय लावायची? पावती 2009 ची. तेव्हा तोळा 16 हजारांच्या आसपास होता. दोन तोळ्यांचे 32 हजार. मी म्हटलं, अहो, आज तोळा 75 हजारांच्या पुढे आहे, मला दुसरी करायची झाली तर दीड लाख लागतील. "पावतीवर जे आहे तेच आम्ही लिहिणार." दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या: इंदिरानगरात महिलेची 32 हजारांची पोत लंपास. माझी दीड लाखाची वस्तू गेली आणि शहराच्या हिशेबात 32 हजारांची चोरी झाली. वर्षाअखेरीला गुन्हेगारीचे आकडे जाहीर होतात, त्यातला 'मुद्देमाल' म्हणतात तो असाच जमत असावा.

आणि गुडघा? गुडघा फिर्यादीत आलाच नाही. ओळखीच्या एका वकीलबाईंनी नंतर कागद वाचून कपाळावर हात मारला. चोरी करताना माणसाला इजा केली तर ती कलम 309 खाली जबरी चोरी होते, शिक्षा 10 वर्षांपर्यंत जाते. म्हणजे माझा गुडघा लिहिला असता तर गुन्हा केवढा मोठा झाला असता. 'अज्ञात इसमांनी फिर्यादीच्या गळ्यातील पोत हिसकावून पोबारा केला' एवढंच लिहिलेलं. मी पडले, फरफटले, माझ्या मानेवर वळ उठला, हे कागदावर कुठेच नाही. त्या गुडघ्याला आजही जिना चढताना कळ येते.

घरी आल्यावर कायदे बदलले. चालणं बंद. नवऱ्याने स्पष्ट सांगितलं, गच्चीवर चाल. आता आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलरचे पॅनल, वाळवणं आणि केबलच्या वायरी. मधे जी पट्टी उरते तिच्यावर चाळीसेक पावलं टाकली की वळायचं. चार फेऱ्यांत गरगरायला लागतं. मग पार्किंगमध्ये चालून बघितलं, तर वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहायचा आणि मी थांबेपर्यंत उभाच राहायचा, त्या बिचाऱ्याला बसायचा संकोच. तेही सोडलं. लिफ्टशेजारी सोसायटीने सूचना चिकटवली: 'महिलांनी सकाळ-संध्याकाळ दागिने घालून अथवा एकट्याने बाहेर पडू नये.' खाली सचिवांची सही. रस्त्यावरचे दिवे लावा, अशी महापालिकेला पाठवलेली सूचना काही कुठे चिकटवलेली दिसली नाही.

मला 2019 चा जानेवारी आठवला. गंगापूर रोडला सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला होता, काही जणांना त्याने जखमी केलं होतं. सगळं शहर टीव्हीसमोर बसलं होतं. वनखातं आलं, जाळी आली, भुलीची बंदूक आली, बघ्यांना पांगवायला पोलीस आले. जखमी झालेल्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही घराबाहेर कशाला पडलात. सगळ्यांना कळत होतं की आधी बिबट्या पकडायचा असतो. त्यानंतरही शहराच्या आसपास बिबटे दिसत राहिले, दर वेळी पिंजरा लागला. आमच्या रस्त्यावर मोटारसायकलवर येणाऱ्यांसाठी पिंजरा बायकांनाच लावला गेला.

आमचा घोळका महिन्याभरात मोडला. एकजण ट्रॅकपर्यंत कारने जायला लागली. चालायला जाण्यासाठी कार काढायची हा प्रकार तिलाच हास्यास्पद वाटायचा, पण मुलाने गाडीशिवाय जायला बंदी केली होती. एकीने मोबाइलवर बघून घरात व्यायाम सुरू केला, तो संक्रांतीपर्यंत टिकला. एक नातवंडांना सांभाळायला मुंबईला गेली आणि तिथेच बरं वाटतं म्हणाली. ज्यांची पोत गेली नव्हती त्यांचंही चालणं गेलं. चोरी एकीची झाली, पण घरात सगळ्या बसल्या.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी वडाळ्यातून पायी येतात, पहाटेच निघतात, कारण आमच्याआधी त्यांना दोन घरं करायची असतात. त्यांना घरी बसायची सोयच नाही. मी विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही? म्हणाल्या, "ताई, माझ्या गळ्यात काय आहे न्यायला? पण सोनं नाही म्हणून काय झालं, बाई आहेच की." त्या कंबरेला मिरचीपूड बांधून येतात, हे मला त्या दिवशी कळलं. चालण्याचे फायदे सांगणारी जी व्याख्यानं होतात, त्यात मावशींचं चालणं कुठे मोजतात कोण जाणे.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर पुन्हा आठच्या वर. डॉक्टर म्हणाले, "आपल्या लोकांना आळस फार." आणि मला एक बातमी दाखवली. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अभ्यास आला होता: भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. मी मोबाइल हातात घेऊन खालपर्यंत वाचलं. पुरुषांमध्ये 42 टक्के, बायकांमध्ये 57. मी म्हटलं, डॉक्टर, बायका पुरुषांपेक्षा जास्त आळशी असतात असं तुम्हाला वाटतं का? माझ्या घरात तर उलटं चित्र आहे. ते हसले आणि गोळ्या वाढवून दिल्या.

घरकाम, वेळ नसणं, लोक काय म्हणतील, अशी कारणं पुष्कळ असतील. पण भीती हेही एक कारण आहे आणि ते औषधाच्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. मुलीने सांगितलं, गिरिजा बोरकर नावाच्या अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलींचा अभ्यास केला. जाण्यायेण्याचा रस्ता सुरक्षित असेल तर मुली कमी दर्जाचं कॉलेजसुद्धा पत्करतात, असं त्यांना दिसलं. वाचून मला नवल वाटलं नाही. मुली कॉलेज सोडतात तिथे आम्ही चालणं सोडलं तर त्याचं कुणाला काय.

आमचं शहर एरवी तब्येतीबद्दल फार बोलतं. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये पदक आणलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. डॉक्टर महाजन बंधू 2015 साली अमेरिका सायकलवर ओलांडून आले, त्यांची मिरवणूक काढली. मॅरेथॉनच्या दिवशी रस्ते बंद करतात, चौकाचौकात पोलीस असतात, त्या दिवशी नाशिकइतकं सुरक्षित शहर जगात नसेल. उरलेल्या दिवसांचं काय? चौकाचौकात रंगीत लोखंडी व्यायामाची यंत्रं बसवली आहेत, उद्घाटनाच्या पाट्यांसकट. त्या यंत्रांपर्यंत जाणारा अंधारा रस्ता कुणाच्याच पाटीवर नाही. 2022 च्या मार्चपासून महापालिकेवर प्रशासक होते, म्हणजे दिव्यासाठी हटकायला नगरसेवकही नव्हता. ॲपवर तक्रार केली की 'निराकरण झाले' असा संदेश यायचा. दिवा बंदच.

मग आम्ही बायकांनी सह्या गोळा करून अर्ज दिला की पहाटे गस्त घाला. गस्त सुरू झाली. सकाळी निळा-लाल दिवा फिरताना खिडकीतून दिसायचा, फार बरं वाटायचं. एकदा ट्रॅकच्या कोपऱ्यावर दोन पोरांना पोलिसांनी गाडीवरून उतरवून उभं केलेलं बघितलं, कागद दाखव, डिकी उघड चाललेलं. मी मनात म्हटलं, हं, आता कसं. जवळ गेले तर त्यातला एक माझे मणी वेचणारा दुधाच्या टेम्पोवरचा पोरगा. माझ्याकडे बघून कसनुसा हसला. मी पोलिसांना सांगितलं, हा चांगला मुलगा आहे, याला ओळखते मी. सोडलं त्याला. पण दुसऱ्याला मी ओळखत नव्हते, आणि त्याच्याबद्दल मी काही बोलले नाही. आजही पाठीमागून मोटारसायकलचा आवाज हळू झाला की मला वाटतं, या सगळ्यांना रोज उभं करून तपासावं. आणि त्या पोराचा चेहरा आठवला की वाटतं, हे काही खरं नाही. दोन्ही वाटतं. काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. तसंही गस्त उन्हाळा लागल्यावर बंद झाली.

मी पुन्हा चालायला लागले ती गोळ्यांच्या भीतीने. आता उजाडल्यावर निघते, त्यामुळे घरचं सगळं आवरताना तारांबळ होते. गळ्यात एक ग्रॅमचं खोटं मंगळसूत्र. आत्येसासूबाईंना ते कळल्यावर त्या नाराज झाल्या. ज्या तोंडाने सोनं घालून कशाला गेलीस म्हणाल्या होत्या, त्याच तोंडाने म्हणाल्या, "सवाशीण बाईने खोटं घालू नये." आणि एक गंमत सांगते, जी मला स्वतःलाच पटत नाही: खोटं घातल्यापासून मला मोकळं वाटतं. इतकी वर्षं गळ्यात दोन तोळे घेऊन मी जीव मुठीत धरून चालत होते, हे मला आत्ता समजलं. म्हणजे तो प्रश्न विचारणारे बरोबर होते का? नाही. माझं हलकं वाटणं ही माझी गोष्ट आहे. त्यांच्या प्रश्नाला मी ते पुरावा म्हणून देणार नाही.

मुलगी पुण्यात टेकडीवर पळायला जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये बोपदेव घाटातल्या अत्याचाराची बातमी आली, तेव्हापासून ती संध्याकाळची जात नाही. मी तिला रोज सांगते, सकाळीही एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा, नाहीतर जिम लाव. ती म्हणते, "आई, तूसुद्धा?" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. माझी पोत गेली तर पोत गेली, तिचं काही जायला नको. अशा वेळी तत्त्वं सुचत नाहीत.

वाचणाऱ्या बायकांना दोन-तीन गोष्टी सांगते. कुणी कितीही सोयीचं म्हणून सांगितलं तरी गहाळचा दाखला घेऊ नका, गुन्हाच नोंदवा आणि त्याची प्रत मागा, ती फुकट मिळते. लागलं असेल तर ते फिर्यादीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका आणि दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. वस्तूची आजची किंमत लिहायला सांगा, नाही लिहिली तर तसा वेगळा अर्ज द्या. रस्त्यावरचा बंद दिवा सगळ्यांनी मिळून खांबाच्या क्रमांकासह कळवा आणि लागेपर्यंत पिच्छा सोडू नका. आमचे दिवे शेवटी लागले, पण चौथ्या अर्जानंतर.

आणि ज्यांची पोत कधी गेलेली नाही त्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या कॉलनीत हे कुणाच्या वाट्याला आलं, तर तिला आधी 'लागलं का?' एवढं विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराची बेल वाजवा आणि म्हणा, चल, मी आहे बरोबर.